ससे व्हिसा काढून गेलेले नाहीत

डिसेंबर उजाडला की मस्कतमधल्या मराठी मंडळींना वाळवंट आठवतं. उरलेले आठ महिने आपण एसीच्या गाडीतून एसीच्या दुकानात जातो आणि देशाकडे काचेतून बघतो. थंडीत मात्र चार-पाच गाड्या निघतात, बिदियाच्या पुढे वाळूत तंबू ठोकले जातात, कोळशावर चिकन चढतं. कुणीतरी नुकतंच गावाहून आलेलं असतं, त्याच्या पिशवीतून सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी निघते. रात्री बायका-मुलं तंबूत गेली की पुरुषांचं एक कोंडाळं शेकोटीपाशी उरतं. तिथे दोनच विषय चालतात: राजकारण आणि शिकार. राजकारणावरून मागे एकदा भांडण झालं होतं, म्हणून हल्ली शिकारच.

आमच्यात खरे शिकारी दोन. एक कराडकडचे काका, आता साठी ओलांडलेले, तीस वर्षं इथेच कन्स्ट्रक्शनमध्ये गेली. दुसरा रत्नागिरीचा, माझ्याच वयाचा. बाकीचे आम्ही श्रोते. काकांच्या गोष्टी खरोखर ऐकण्यासारख्या असतात. जीपच्या बॉनेटवर बसून बॅटरीच्या उजेडात ससे कसे थिजतात, चित्तर उडण्याआधी गवत कसं हलतं, रानडुक्कर जखमी झालं की माणसाने झाडाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं. या माणसाला रान कळतं. मी तेवीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसलो आहे, मला त्यातलं काही येत नाही, आणि ऐकताना हेवा वाटतो, हे आधीच कबूल करतो.

यंदा रत्नागिरीकराने विचारलं, "काका, मग आता गावाला गेल्यावर जाता का?"

"आरं, जाऊन काय करू? ससं र्‍हायलंच कुठं? समदी व्हिसा काढून आखातात आली, आपल्यासारखी!"

हशा पिकला. मग एकावर एक सुरू झाले. गेल्या दिवाळीत सहाजणांत मिळून एक ससा मिळाला, तर रश्शात मटण शोधायला भिंग आणावं लागलं. आता ससा दिसला की आधी त्याच्यासोबत सेल्फी काढायचा, मग गोळी. कोकणातली भेकरं मुंबईला चाकरमानी झाली, गणपतीलाच येतात. मीही हसलो. भेकरांचा विनोद तर मला अजून आवडतो.

पुढचा विनोद एका लेखकावर होता. मराठी दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत रानावर, पक्ष्यांवर सदर लिहिणारे एक गृहस्थ आहेत. नाव लिहीत नाही, कारण असे गृहस्थ प्रत्येक पुरवणीत असतात आणि तुमच्या मनात कुणीतरी आलेच असतील. आमच्या ग्रुपवर कुणीतरी दर रविवारी त्यांचा लेख टाकतं आणि मग दिवसभर त्यांची टिंगल चालते. त्यांचं आमच्यातलं नाव 'माळढोकशास्त्री'. त्या रात्री कुणीतरी म्हणालं, "शास्त्र्यांनाच माळावर सोडा आणि बॅटरी मारा. एक तरी सावज मिळेल." सगळ्यांत मोठा हशा यालाच मिळाला.

परत येताना गाडीत मला ते खटकत राहिलं. ससे कमी का झाले, असं त्या दोन तासांत कुणीही विचारलं नाही. काकांनी मात्र आपणहून सांगितलं होतं, की एका रात्रीत चौदा ससे मारले, गाडीत ठेवायला पोतं पुरलं नाही. हे गोष्टीच्या पहिल्या अर्ध्या तासात झालं. 'ससे र्‍हायलेच कुठं' हे शेवटच्या अर्ध्या तासात. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, एकाच शेकोटीपाशी, आणि मध्ये दोन बाटल्या थम्सअप. तरी त्या दोन वाक्यांची गाठ कुणी घालून दिली नाही. मीसुद्धा नाही. विनोदाने नेमकं तेवढंच काम केलं. ससे गेले हे सांगितलं आणि कुणी नेले हे झाकलं. 'व्हिसा काढून गेले' म्हटलं की ते स्वतःच्या पायाने, स्वखुशीने गेले असा अर्थ होतो. आपण गेलो तसे.

परवाना कुणाकडे होता हे मी विचारलं नाही. गाडीतून शिकार करायला तर १९७२ च्या कायद्याने परवानाधारकालाही मनाई होती.

१९७२ हे साल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्या घरी अजून 'बहात्तरच्या दुष्काळाआधी' आणि 'नंतर' असं कालमापन चालतं. त्याच सालच्या सप्टेंबरात भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. आणि त्याच सालच्या ऑक्टोबरात, आम्ही ज्या वाळूत बसून ससे-भेकरांवर हसत होतो तिथून तीन-चारशे किलोमीटर दक्षिणेला, जिद्दत अल हरासीस नावाच्या पठारावर अरबी ऑरिक्सचा शेवटचा रानटी कळप संपवला गेला. जगातला शेवटचा.

ओमानमध्ये राहणार्‍यांनी हा प्राणी पाहिला नसला तरी त्याचं नाव रोज घेतलेलं आहे. अरबीत त्याला 'महा' म्हणतात. 'अल महा'च्या पंपावर आपण पेट्रोल भरतो. कतार एअरवेजच्या शेपटावर आहे तोही हाच. पांढरंशुभ्र अंग, काळसर पाय, तलवारीसारखी दोन सरळ लांब शिंगं. बाजूने पाहिलं की दोन शिंगांचं एकच दिसतं. सलालाहला खरीफ बघायला गाडीने गेलेल्यांनी हैमाला थांबून चहा घेतलेला असेल. त्या हैमाच्या आसपासचं दगडगोट्यांचं, एकही ओढा नसलेलं सपाट पठार म्हणजे जिद्दत. तिथे पाणी जमिनीवर नाही. समुद्रावरून धुकं येतं, झुडपांवर दव धरतं, आणि त्यावर जनावरं जगतात. हरासीस टोळीची माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या उंटाच्या आणि शेळीच्या दुधावर जगत आली. ते लोकही महाची शिकार करत. उंटावरून, पायी, माग काढत. एखादा मिळाला तर मेजवानी. महा त्याने संपला नाही.

तो संपला गाड्यांनी. दुसर्‍या महायुद्धानंतर आखातात तेल आलं, तेलाबरोबर पैसा आणि पैशाबरोबर वाळूत धावणार्‍या मोटारी. ज्या प्राण्याला गाठायला उंटाला दोन दिवस लागत, त्याला गाडी दोन तासांत दमवून उभं करते. उत्तरेकडून गाड्यांचे ताफे घेऊन शिकारी टोळ्या येऊ लागल्या. १९६२ साली लंडनच्या एका निसर्गसंस्थेने घाईघाईने मोहीम काढली. तिचं नेतृत्व मेजर इयन ग्रिमवूड यांच्याकडे होतं. हेतू असा, की उरलेले थोडे तरी जिवंत पकडून दूर न्यावेत. आताच्या येमेनच्या पूर्व भागात ओमानच्या सीमेजवळ त्यांना चार मिळाले, त्यातला एक मेला. तीन उरले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने एक दिला, कुवेतच्या शेखांनी एक, सौदीच्या राजे सौद यांनी चार. अशी एकूण नऊ जनावरं अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या फीनिक्समध्ये नेली, कारण तिथली हवा वाळवंटाची. त्या नवांच्या कळपाला 'जागतिक कळप' असं भारदस्त नाव मिळालं. दहा वर्षांत मूळ घरी एकही उरला नाही, तेव्हा ते नाव शब्दशः खरं ठरलं.

तो पेट्रोल पंप आठवला की मला हसू येतं आणि येतही नाही. ज्या पेट्रोलने महा मारला, त्याच पेट्रोलला महाचं नाव.

पुढची गोष्ट आनंदाची आहे, निदान निम्मी. सुलतान काबूस यांनी ठरवलं की हा प्राणी परत आणायचा. यालूनी इथे तळ उभारला. १९८० साली अमेरिकेतून जनावरं विमानाने आली आणि ३१ जानेवारी १९८२ ला दहा जणांचा कळप उघड्यावर सोडला गेला. राखण करायला कोण ठेवले? हरासीस. ज्यांच्या बापाजाद्यांनी माग काढून महा मारला होता, तेच आता माग काढून तो कुठे चरतो, कोण व्यालं, कोण लंगडतं, याची नोंद ठेवू लागले. शिकार्‍याचं कसब तेच, हातात बंदुकीऐवजी वही. १९९४ साली त्या अभयारण्याला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. १९९६ पर्यंत संख्या साडेचारशेच्या घरात गेली.

आणि मग पुन्हा गाड्या आल्या. या वेळी मांसासाठी नाही. श्रीमंतांच्या खाजगी संग्रहांसाठी जिवंत माद्या पकडून न्यायच्या. बांधून गाडीच्या मागच्या भागात टाकलेली गाभण मादी कुंपणापर्यंत पोचेतोवर मेली तर मेली. अकरा वर्षांत साडेचारशेचे पासष्ट झाले. प्रजननक्षम जोड्या चारेक. दरम्यान तिथे तेलाच्या शोधाचा प्रश्न आला आणि अभयारण्य नव्वद टक्क्यांनी छोटं केलं गेलं. जून २००७ मध्ये युनेस्कोने ते यादीतून काढून टाकलं. जागतिक वारसा यादीतून एखादं ठिकाण संपूर्ण वगळलं जाण्याची ती पहिलीच वेळ. त्या साली मी मस्कतमध्ये होतो. ऑफिसात, देवळात, गणेशोत्सवात कुठेही याचा विषय निघाल्याचं आठवत नाही. आज कुंपणाच्या आत ते शेकडोंनी आहेत आणि सरकारने त्यावर मेहनत घेतली आहे. कुंपणाच्या आत, एवढंच.

हे सगळं मी 'बघा, अरबांनी कसं केलं' म्हणून सांगत नाही. तसं म्हणायला आपली मंडळी एका पायावर तयार असतात, म्हणून आधीच सांगतो. आपलंही हुबेहूब असंच झालं आहे, आणि तेही माझ्या जिल्ह्यात.

मी सोलापूरचा. आमच्याकडे नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. माळढोक मीटरभर उंच, उडणार्‍या पक्ष्यांतला जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक, उघड्या माळावर राहणारा आणि वर्षाला बहुधा एकच अंडं घालणारा. सलीम अलींना हाच भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हायला हवा होता. त्यालाही जीपनेच खाल्लं. युद्धानंतर लष्कराच्या जुन्या जीपा स्वस्तात मिळू लागल्या आणि हौशी लोक माळावर उतरले. माणूस चालत आला की माळढोक उडतो, पण जीप जवळ येईपर्यंत उभा राहतो. मारणारे पोटासाठी मारत नव्हते, पोट भरलेलीच मंडळी होती ती. मग १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं, कागदावर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली शेतं, गावं, वाड्यावस्त्या सगळं त्यात. जमिनीचे व्यवहार अडले. पोरीच्या लग्नाला एकर विकायचा तर परवानगी कुणाची, हेच कळेना. पुढे न्यायालयात जाऊन ते बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. तोवर उजनीचं पाणी आलं होतं, पाण्यामागे ऊस आला, उसामागे विजेच्या तारा. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात. नान्नजला दिसला तर बातमी होते.

नव्वद टक्के कापलेलं जिद्दतचं अभयारण्य आणि पंच्याऐंशी टक्के कापलेलं नान्नजचं. मला दोन्हींची कापाकापी एकाच सुरीने झाल्यासारखी वाटते. आधी पक्षी-प्राण्यांचा विचार केला, माणसांना विचारलंच नाही. मग माणसं चिडली. मग माणसांचं निमित्त करून, खरं तर तेलासाठी किंवा उसासाठी, जागा मोकळी केली. डॉन चॅटी या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हरासीस लोकांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं हेच, की ज्यांच्या चराऊ रानावर हा प्रकल्प उभा राहिला, त्यांना तो आखताना कुणी विचारलं नाही. राखणदाराच्या नोकर्‍या दिल्या, निर्णय दिले नाहीत.

आता विनोदाकडे परत येतो. माझं म्हणणं असं नाही की या विषयावर हसू नये. आमच्या गावात माळढोकावर एक विनोद होता. माळढोक म्हणजे काय? तर कुणाला कधी न दिसणारा, पण सात-बार्‍यावर अंडं घालून बसलेला पक्षी. मला हा विनोद सोन्यासारखा वाटतो. ज्याचा एकर अडकला आहे त्याने तो केला आहे. त्याने किंमत मोजली आहे, म्हणून त्याला हसायचा हक्क आहे, आणि त्या हसण्यात खाडकन् एक तक्रार आहे: तुमचा पक्षी, माझी जमीन. असा विनोद सरकारला ऐकवला तर सरकारच्या कानाला झोंबतो. आमच्या शेकोटीवरचा विनोद कुणालाच झोंबत नाही. पोतं भरून ससे नेणारा आणि त्याचा श्रोता, दोघेही तो ऐकून हलके होतात. एक विनोद नुकसान सोसलेल्याचा, दुसरा ताट चाटून-पुसून खाल्लेल्याचा. शब्द जवळपास सारखेच असू शकतात. म्हणून विनोद कुणी केला, हे विचारल्याशिवाय हसायचं नाही, असं मी अलीकडे ठरवलं आहे. पाळता येतं असं नाही.

आणि माळढोकशास्त्री? त्यांचा मी वकील नाही. त्यांचे लेख मलाही सोसत नाहीत. प्रत्येक लेखात पहाटेचं धुकं, प्रत्येक लेखात 'हरवत चाललेलं काहीतरी', आणि शेवटी 'आपण कधी जागे होणार?' असा सवाल. हा सवाल ते कुणाला विचारतात, हे बारकाईने पाहा. बहुतेक वेळा स्थानिकांना. फासेपारध्यांच्या फाशांवर त्यांचे किती लेख आहेत, आणि जीपवाल्या पाहुण्यांवर किती? फासेपारध्याला इंग्रजांनी कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला, तरी गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी त्याच्याच पालावर येते. त्याने घोड्याच्या शेपटीच्या केसाच्या फाशात दोन चित्तर धरले, तर शास्त्र्यांचा अख्खा रविवार त्यावर जातो. ज्याच्या फार्महाऊसवर दर डिसेंबरला रस्सा शिजतो, तो मात्र बहुधा पुरवणीचा वर्गणीदार असतो. त्याच्यावर ओळ येत नाही. आमची मंडळी शास्त्र्यांवर चिडतात ते या कारणासाठी असतं, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

पण ते या कारणासाठी चिडत नाहीत. ते चिडतात, कारण शास्त्री आकडे देतात. अमक्या साली इतके, तमक्या साली इतके. धुक्याचं वर्णन कुणालाच खुपत नाही. आकडा खुपतो, कारण आकड्यापुढे 'व्हिसा काढून गेले' टिकत नाही.

गंमत अशी, की मोजण्याची ही सवय शिकार्‍यांकडूनच आलेली आहे. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली सुरू झाली, ती करणार्‍यांत बंदूक खांद्यावर टाकून फिरणारे पुष्कळ होते. सलीम अलींची सारी कारकीर्द लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाली. गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती घेऊन ते सोसायटीत विचारायला गेले. मराठीत व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रानात हिंडले आणि नंतर वही घेऊनही हिंडले. कोल्हापूर दरबारात चित्त्यांकरवी काळवीट मारण्याचा षौक होता. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवले गेले. हा तुटवड्यावरचा कुठल्याही शेकोटीपेक्षा मोठा विनोद आहे, पण निदान तिथे कुणीतरी कबूल तर केलं, की इथले संपले. त्याच संस्थानाचं दाजीपूरचं शिकारीचं राखीव रान १९५८ साली गव्यांचं अभयारण्य झालं. शिकार्‍याने मोजणं सोडलं, की उरतो तो फक्त खाणारा.

तुम्ही म्हणाल, आम्ही इथे कुठे शिकार करतो? आम्ही आय.टी.वाले, अकाउंट्सवाले. बरोबर आहे. मग सुरमईचं बोलू.

ओमानमध्ये सुरमईला कनद म्हणतात. १९८८ च्या सुमारास इथे वर्षाला सत्तावीस हजार टनांच्या आसपास सुरमई निघत होती. नंतर ती इतकी घसरली की सरकारला बंदी घालावी लागली. दर वर्षी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर सुरमई धरायची नाही, विकायची नाही, जवळही ठेवायची नाही. मासा अंड्यावर येण्याच्या काळाला धरून केलेली योजना. आपल्याकडे जून-जुलैत होड्या वर काढतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडून समुद्र उघडतात, तसंच हे. आणि आता आपलं पंचांग काढून बघा. त्या दोन महिन्यांत श्रावणाचा शेवट, गणपती, पितृपक्ष, नवरात्र. जगात कुठल्या समाजाला ही बंदी सोपी जावी तर ती आपल्याला. तरीही दर सप्टेंबरला आमच्या ग्रुपवर मेसेज येतोच: "कुणाकडे मागच्या दाराची सुरमई आहे का? पाहुणे आलेत." खाली हसणारे चेहरे. कुणीतरी लिहितं, "सुरमईपण सुट्टीवर इंडियाला गेली." व्हिसाचाच विनोद, फक्त दिशा उलटी.

मागच्या सप्टेंबरला हा मेसेज मीच टाकला होता, हेही सांगून टाकतो. पाहुणे सासरचे होते.

यंदाच्या शेकोटीनंतर आठवड्याने ग्रुपवर वेगळाच मेसेज आला. आमच्यातल्या एका तरुण मुलाने लिहिलं, की त्याच्या ओळखीचा कुणी आतल्या भागात राहतो, त्याला चिंकारे कुठे येतात ते माहीत आहे, गाडी आणि बंदूक त्याची, आपण फक्त जायचं. "काका, चला, तुमचा हात बघू." मला वाटलं होतं गंमत आहे. पण तारीख ठरत होती. पेट्रोल कोण भरणार, यावर चर्चा चालली होती.

मी चार ओळी लिहिल्या. ओमानमध्ये २००३ च्या सुलतानी फर्मानाने वन्यप्राण्यांच्या शिकारीला तुरुंग आणि दंड आहे. परदेशी माणसाला त्यानंतर नोकरी आणि व्हिसा दोन्हींवर पाणी सोडावं लागेल. इथे चिंकारे किती उरलेत ते आधी विचारा. आणि ज्या देशाने आपल्याला तीस वर्षं पोसलं त्याच्या रानात पाहुण्याने असं करू नये. चौथी ओळ लिहिताना मला स्वतःलाच शास्त्र्यांची आठवण झाली, पण खोडली नाही.

दोन तास ग्रुप शांत. मग रत्नागिरीकराने लिहिलं, "नवीन माळढोकशास्त्री आले!" बारा हसणारे चेहरे. तरुण मुलगा म्हणाला, मजाक होता सर, सिरियस काय घेता. दुसर्‍या दिवशी दोघे ग्रुप सोडून गेले. त्यातला एक माझ्या मुलाच्या मुंजीला पाच दिवस आमच्या घरी राबला होता. बायको म्हणाली, "तुम्हाला एवढंच सुचायचं होतं? फोन करून सांगता आलं नसतं?" तिचं बरोबर असेल. पण फोनवर सांगितलं असतं तर तो एकटाच थांबला असता, आणि तारीख तशीच राहिली असती. चारचौघांत ठरत होतं, म्हणून चारचौघांत बोललो. ती सहल झाली नाही. माझ्या मेसेजमुळे की पेट्रोलवरून, ते मला कळलेलं नाही.

मला सर्वांत जास्त भीती काकांच्या रागावण्याची होती. त्यांनी ग्रुपवर एक शब्द लिहिला नाही. पुढच्या शुक्रवारी मीच त्यांच्या घरी रूवीला गेलो. चहा झाला. काकू म्हणाल्या, "ह्येंच्या गोष्टी मी चाळीस वर्षं ऐकतीय, दर वेळी सशे वाढत्यात." काका हसले. मी सोबत वही नेली होती. म्हटलं, "काका, तुम्हाला आठवतं तसं सांगा. कुठल्या साली, कुठल्या माळावर, एका रात्रीत किती. वाढवून नाही, कमी करून नाही. शेकोटीपाशी सांगता तसं नको."

"कशाला? त्या शास्त्र्याला देणारेस व्हय?"

"कुणालाच नाही. आपल्यातच राहू दे."

त्यांनी बराच वेळ काही सांगितलं नाही. मग गावाच्या वरच्या अंगाचा माळ, खालचा माळ, ओढ्याकाठची बाभूळबन, अशी नावं आधी सांगितली. मग सालं. सालं त्यांना मुलांच्या जन्मावरून आठवत होती. थोरली झाली त्या थंडीत चौदा. धाकटा झाला तेव्हा नऊ. पहिल्यांदा मस्कतहून सुट्टीला गेलो तेव्हा सहा, पण त्या वेळी दोन गाड्या होत्या. मी लिहून घेत होतो आणि ते माझ्या वहीकडे बघत होते. एका जागी म्हणाले, "ह्ये दोनदा लिवलंस बग," आणि खरंच लिहिलं होतं. गेल्या दिवाळीचा एक ससा सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

मी निघालो तेव्हा ते लिफ्टपर्यंत आले. म्हणाले, "चित्तराचं र्‍हायलंच. त्ये लई हाय. पुढच्या शुक्रवारी ये, जेवायलाच ये."